भरतला दिलेल्या पेशी

"घरात पूर्वी कुणाला असा आजार होता का?" डॉ. सबनीसांनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"न्हाई बा," आई म्हणाली. "आमच्यात कुणालाच न्हाई."

"तुमच्या माहेरी? कुणी लहान वयात गेलं असेल?"

आईनं पदर सारखा केला. "एक भाऊ होता, बाबू. लग्नाआधीच गेला. पण त्याला पान लागलं."

डॉक्टर पक्के पुण्याचे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"साप चावला," मी म्हणाले. "उसात."

"अच्छा," असं म्हणून त्यांनी टोपण परत लावलं. सापाच्या चाव्यात रक्ताच्या डॉक्टरनं लिहून घेण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ भरतेश. घरात तो भरत. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. भरतचं गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींच्या जळलेल्या मोटरी नवी तार भरायला त्याच्याकडं यायच्या. मी दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट तपासायचे. आमचे वडील, अण्णा, हार्टनं गेल्यापासून घर आम्ही दोघं चालवत होतो आणि दोघंही एकमेकांवर उपकार केल्यासारखं चालवत होतो. त्यात भरतला ताप यायला लागला. मग हिरड्यांतून रक्त, मग मांडीवर कशाचा मार लागला नसताना निळे डाग. कोल्हापूरला रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या. शेवटी कुणीतरी पुण्याचा पत्ता दिला.

"हाडाच्या आत जो मगज असतो ना, बोन मॅरो, तिथं रक्त तयार होतं," सबनीस आईला समजावत होते. "तिथं काही मूळपेशी असतात. विरजणासारख्या. थोड्या असल्या तरी सगळं रक्त त्यांच्यापासून होतं. भरतच्या मूळपेशी कामच करेनाशा झाल्यात. आपण नवं विरजण घालायचं. सख्ख्या भावंडाचं जुळलं तर उत्तम."

"म्हणजे वायंडिंग नवं भरायचं," भरत म्हणाला.

"तसंच काहीसं."

"आणि तार ताईची." त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. "संपलं मग. रोज भांडण होणार आत."

चारात एकाचं जुळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं जुळलं. पूर्ण जुळलं. फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. हातातलं सगळं टाकून मी स्कूटी काढली आणि घरापर्यंत रडत आले. आईनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन अभिषेक सांगितला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका मला बघायला येऊन गेल्या. मी त्याच घरात वाढले होते आणि आजवर कुणी मला बघायला आलं नव्हतं. भरतच्या बारशाला गावजेवण झालं होतं, माझ्या बारशाला शेजारणी जिलेबी खाऊन गेल्या होत्या, हे मी आईला वर्षातून चार वेळा ऐकवायचे. त्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "पद्मे, तू झालीस ते बरं झालं बाई." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

सांगलीचं एक स्थळ तेव्हा जवळजवळ पक्कं झालेलं. त्यांच्याकडून निरोप आला, मगज काढल्यावर पुढं मुलंबाळं व्हायला काही अडचण येत नाही ना? आईनं डॉक्टरांना विचारून, काही अडचण नाही, असं कळवलं. मी मात्र चिडले. भाऊ मरायला टेकलाय आणि यांना नातवंडांची पडलीय.

पुण्यात दवाखान्याजवळ समाजाची धर्मशाळा होती. तिथं एक खोली मिळाली. मला काही दिवस इंजेक्शनं दिली, हाडातल्या मूळपेशी रक्तात याव्यात म्हणून. कंबर अशी दुखायची की बसवत नव्हतं. मग एका खुर्चीत बसवून दोन्ही हातांना सुया लावल्या. एका हातातून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून दुसऱ्या हातातून आत. वर टांगलेल्या पिशवीत पातळ गुलाबी काहीतरी जमत होतं. एवढ्याशा पिशवीत माझा भाऊ बसणार होता.

पहिल्या दिवशी पेशी कमी निघाल्या. दुसऱ्या दिवशी परत बसवलं. त्या दिवशीही कमीच. सबनीस स्वतः मशीनपाशी येऊन उभे राहिले. "वय लहान आहे, तब्येत चांगली आहे, इतक्या कमी का निघाव्यात?" ते सोबतच्या डॉक्टरला म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "होतं कधीकधी असं. चालेल एवढ्यावर."

भरत तोवर काचेच्या खोलीत गेला होता. त्याच्या मूळच्या पेशी औषधांनी मारून टाकल्या होत्या. डोक्यावर केस नव्हता, ओठ सोललेले. आत-बाहेर बोलायला फोन होता. त्याला कुणीतरी सांगितलंच.

"दूध संघात राहून मापात पाप करायला शिकलीस," तो फोनवर म्हणाला.

"फुकटचं मिळतंय तर गप घे."

"घेतो की. पाणी घातलं नाहीस ना?"

मी काचेला हात लावला. तो आतून माझ्या हातासमोर हात धरेल असं मला उगीच वाटलं. त्यानं अंगठा दाखवून डिवचलं आणि कूस बदलली.

पिशवी चढवली त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. सलाइनसारखी थेंबथेंब गेली. आई बाहेर बाकावर णमोकार मंत्र म्हणत होती. मी मात्र थेंब मोजल्यासारखी बघत उभी होते आणि प्रत्येक थेंबाला मनात दम देत होते, नीट काम कर.

मग वाट बघणं. रोज सकाळी त्याचे काउंट यायचे. पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या की नवं विरजण लागलं असं समजायचं. लागायला उशीर झाला, पण लागलं. एका सकाळी सिस्टर हसत बाहेर आली. आईनं धर्मशाळेत सगळ्यांना साखर वाटली. भरतनं फोनवर सांगितलं, "ताई, आज मला उगाच कुणाचा तरी राग येतोय. तुझं रक्त चालू झालं वाटतं."

नंतर काउंट चढायचे थांबले. दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी खाली आले. सबनीसांनी परत मॅरो तपासला. पेशी माझ्याच होत्या, भरतच्या जुन्या परत आल्या नव्हत्या. माझ्याच पेशी होत्या आणि त्या वाढत नव्हत्या. "असं का व्हावं, कळत नाही," ते म्हणाले. डॉक्टरनं कळत नाही म्हटलं की माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. त्या दिवशी मात्र मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

त्याला परत ताप भरला. छातीच्या फोटोत बुरशी दिसली.

त्याच आठवड्यात रतन मावशी आली. आईची मोठी बहीण. दोघींत बरंच अंतर, आईला तिनंच वाढवलेलं. येताना कुरुंदवाडचे पेढे आणि बस्तीतलं अभिषेकाचं गंधोदक घेऊन आली. गंधोदक आत नेऊ दिलं नाही म्हणून सिस्टरशी भांडली. मग काचेपाशी गेली, भरतकडं पाहिलं आणि एकदम गप्प झाली. मावशी गप्प झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो. आई भरतचा डबा घेऊन दवाखान्यात गेली. मी मोरीत भांडी घासत होते. मावशी दारात बसली होती.

"पद्मा, त्याच्या हिरड्यातनं येतंय व्हय रक्त?"

"येतंय."

"आणि रात्रीचा ताप. घाम फुटून अंथरूण भिजतंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई." ती पायाच्या बोटातलं जोडवं फिरवत बसली. "बाबू असाच दिसत हुता."

मला आधी कळलंच नाही. "कधी?"

"जाताना. असाच पांढराफटक. ओठ असंच."

"मावशी, साप चावलेला माणूस असा कसा दिसेल? एका दिवसात गेला ना तो?"

"साप कुठला गं," मावशी म्हणाली.

मी नळ बंद केला.

"दोन म्हयनं हातरुणाला खिळून हुता. मिरजंला नेलं, तितं म्हणाले, ह्याचं रक्त तयारच हुईना. घरी आणला, माडीवर ठेवला. कुणाला वर जाऊ देत न्हवतो. गेला त्या सकाळी वडलांनी गड्याला सांगितलं, उसात पान लागलं म्हणून गावात सांगून ये. माझं लग्न ठरत हुतं. तुझी आई मागं. रक्ताचा रोग हाय म्हटल्यावर त्या घरातल्या पोरी कोण करून घेणार? सापाला कुणी नाव ठेवत न्हाई."

"आईला माहीत आहे?"

"ती परकरात हुती. तिला मामाच्या गावाला ठेवलेलं. आली तवा सगळ्यांनी सापच सांगितला. तिचा सापच हाय अजून."

"आणि तू? भरतला इतके दिवस झाले, तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुझं जुळलंय, पोरगं बरं हुईल. मग कशाला उकरायचं? माझ्या नाती लग्नाला आल्यात."

मी मावशीला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी चुकलो. पण तवा कुणाला काय कळत हुतं?" आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी चुकलो' असंच बोलतात. मला त्या वेळी ते दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

सकाळी मी तिला सबनीसांसमोर नेऊन बसवलं. आई भरतपाशी होती. मावशीनं सगळं परत सांगितलं. ते मध्येमध्ये एखादाच प्रश्न विचारत होते. वय काय होतं, ताप कसा होता, चुलत-मावस भावंडांत अजून कुणी. बोलणं संपल्यावर त्यांनी मावशीला बाहेर बसायला सांगितलं.

"मूळपेशींनी केव्हा वाढायचं, केव्हा थांबायचं, हे ठरवणारे जनुक असतात," ते म्हणाले. "त्यातला एखादा घराण्यातच बिघडलेला असू शकतो. तुमच्या घरात तसं काही चालत आलं असेल, तर ते आईकडून आलंय."

"भरतकडं."

"हो."

"आणि माझ्याकडं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"हे आधी कळलं असतं तर माझ्या पेशी घेतल्या असत्या?"

"नसत्या घेतल्या. निदान इतक्या सहज नसत्या घेतल्या. आज याची कुठली तपासणी नाही, पद्मजा. घरचे सांगतील तेवढंच आम्हाला कळतं."

"आता दुसऱ्या कुणाच्या?"

"शोधायला वेळ लागतो. त्याच्या फुप्फुसांकडं तेवढा वेळ नाही." मग माझा कागद पुढं ओढून म्हणाले, "तुमचे काउंट आज चांगले आहेत."

त्यातला 'आज' तेवढा मी बरोबर नेला.

दुपारी मला गाऊन, मास्क घालून आत सोडलं. एरवी सोडत नव्हते, त्या दिवशी सोडलं. त्याचा अर्थ मला कळला आणि भरतलाही कळला असणार. नाकाला ऑक्सिजन होता. तो हळू बोलत होता.

"मावशी काचेपलीकडं का रडत होती?"

"तिला कशाचंही रडू येतं."

"ताई," तो म्हणाला.

लहानपणी मी त्याच्या वाटणीची चिक्की खाऊन तोंड धुऊन यायचे, तरी हा मला पकडायचा. त्याच्याशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. बाबूमामाचं, सापाचं, डॉक्टरांचं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला.

"म्हणजे जळक्या मोटरचीच तार काढून परत भरली," तो म्हणाला.

"हो."

"आणि आम्ही वायंडरला शिव्या घालत बसलो." तो हसायला गेला आणि खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यानं डोळे उघडले. "मग तुझं काय?"

"माझे काउंट बरे आहेत."

"बघत राहा. माझ्यासारखी दुकान-दुकान करत बसू नकोस." नंतर बराच वेळ तो श्वास घेत राहिला. "आईला यातलं काही सांगू नकोस."

"का?"

"तिला म्हण, ताईचं चांगलं होतं, माझ्याच अंगाला मानवलं नाही."

"परत खोटं? एका खोट्यानं एवढं केलं ते बास नाही झालं?"

"खरं सांगितलंस तर ती तुझ्याकडं बघत बसेल. रोज." त्यानं माझ्या गाऊनची बाही धरली. "एकदम दोघांचं नको तिला, ताई."

मी हो म्हणाले.

तीन दिवसांनी भरत गेला. गावाला आणला. रक्षाविसर्जनाला अख्खी बाजारपेठ आली होती, दुकानं बंद ठेवून. ज्यांच्या मोटरी त्याच्याकडं पडून होत्या तेही आले आणि मोटरीचं कुणी विचारलं नाही. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, "बहिणीनं दिलं हो स्वतःच्या हाडातलं. पण पोराच्या अंगाला मानवलं न्हाई." सांगताना ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. बायका म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. मी मान खाली घालून बसायचे. मला ओरडून सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटायचं.

सांगलीला मी स्वतः फोन करून नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. भावाच्या दुःखात पोरीनं संसारावर पाणी सोडलं, असं गावानं ठरवून टाकलं आणि माझं नाव झालं. असलं नाव कुणाला हवं होतं?

बऱ्याच वर्षांनी सबनीसांचा फोन आला. तो जनुक आता सापडला होता. परदेशात अशी कितीतरी घराणी निघाली होती. भरतचा जुना नमुना त्यांनी जपून ठेवला होता, त्यात तो दोष मिळाला. "तुमच्या हातांवर चामखिळी आहेत का? आईचा एखादा पाय सुजतो का? त्या दोषात हेही दिसतं," ते म्हणाले. माझ्या बोटांवर कॉलेजपासून चामखिळी होत्या. आईचा डावा पाय मला आठवतंय तेव्हापासून सुजलेला. मी रक्त पाठवलं. जे येणार होतं तेच आलं.

त्यानंतर मी रतन मावशीच्या मुलांना फोन केले. तुम्हीही तपासून घ्या म्हटलं. थोरला म्हणाला, बघू. धाकट्यानं, पोरीचं जमतंय, आत्ता नको, असं सांगून फोन ठेवला. नंतर दोघांनीही माझे फोन घ्यायचे बंद केले.

गेल्या वर्षी माझे काउंट घसरायला लागले. आधी थोडे, मग भराभर. दूध संघातून रजा घेतली, आईला म्हटलं पुण्याला तपासायला जाते. ती ऐकेना. "मी येतो," म्हणाली आणि सुजलेल्या पायात चप्पल कोंबून आधी गाडीत जाऊन बसली. वाटेत तिनं काही विचारलं नाही. तिला कळलं होतं. हिरड्यांतून रक्त येतंय हे आईपासून किती दिवस लपणार?

सबनीस आता पिकलेत. त्यांनी आईला ओळखलं. मला म्हणाले, देशातल्या, परदेशातल्या दात्यांच्या नोंदण्यांत शोधलं, पूर्ण जुळणारं कुणी नाही. मला ते अपेक्षित होतं. जगात माझ्याशी पूर्ण जुळणारा एक माणूस होता आणि तोही उपयोगाचा नव्हता.

"आता अर्धं जुळलं तरी करता येतं," सबनीस म्हणाले. "आई, वडील, मूल, कुणीही चालतं. पण तुमच्या बाबतीत..." ते थांबले आणि माझ्याकडं पाहिलं. आईला काय माहीत आहे, काय नाही, त्यांना ठाऊक होतं.

आई मात्र 'आई' या शब्दालाच उठली होती. खुर्ची पुढं ओढून तिनं हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, कोपरापर्यंत उघडा.

"मग बसलाय कशाला? माझं घ्या की," ती म्हणाली. "सत्तर झाली म्हणून काय झालं? रोज दोन भाकरी खातो. सगळं काढून घ्या, मला काय करायचंय."



"वय जास्त असतं तेव्हा..." सबनीसांनी सुरुवात केली. ते माझ्यासाठी वाट करून देत होते. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तिचा हात तसाच होता, शिरा वर आलेला. ती सुईची वाट बघत होती. ती उद्या परत हेच म्हणाली असती, परवाही म्हणाली असती आणि मी मरेपर्यंत म्हणत राहिली असती. भरतला दिलेला शब्द माझ्यानं पाळवला नाही.

"आई, वयाचं नाही," मी म्हणाले. "तुझ्यातच तो दोष आहे. तुझ्याकडून आम्हा दोघांकडं आला. मी भरतला दिलं त्यातही तोच होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग सबनीसांकडं. ते नाही म्हणतील म्हणून ती बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

"माझ्यात हाय?"

"हो, आजी."

"मग मी कशी जगलो?"

"ते आम्हाला अजून कळलेलं नाही," सबनीस म्हणाले.

आईनं टेबलावरचा हात उचलला आणि पदराखाली घेतला.